तीस पट्ट्या आणि लोंढेबाई

गेल्या महिन्यात सुनेचा लॅपटॉप बिघडला. बिघडला म्हणजे काय, हळू चालतो म्हणून तिनं त्यात रॅमची आणखी एक पट्टी बसवून घेतली, आणि तेव्हापासून तो मधूनच बंद पडायला लागला. बारामतीतल्या दुकानदाराकडं तिचे दोन हेलपाटे झाले. तो म्हणाला, विंडोज नव्यानं टाकावं लागेल. टाकलं. तरी तेच. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो आणि म्हटलं, "मागचं झाकण काढा आणि दोन्ही पट्ट्यांवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." दुकानदार हसला. "काका, पट्टी एकदम फिट बसलीय." म्हटलं, "बसली ते दिसतंय मला. तुम्ही वाचा." त्यानं नाइलाजानं वाचलं. एक पट्टी एका वेगाची, दुसरी दुसऱ्याच. नवी काढून जुनीसारखीच दुसरी घातली आणि लॅपटॉप मुकाट कामाला लागला. परत येताना सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

मी आयुष्यभर फिजिक्सचा मास्तर होतो. तिला वाटलं असेल, हे त्यातलंच काहीतरी असणार. छे हो! फिजिक्सनं मला याबाबतीत काडीची मदत केलेली नाही. हे मला लोंढेबाईंनी शिकवलं, आणि ते शिकायच्या आधी मी त्यांच्या दहा मशीनची पार वाट लावून ठेवली होती.

शकुंतला रघुनाथ लोंढे. गाव अंथुर्णे. वडील रेल्वेत गँगमन, भिगवण स्टेशनवर नोकरी करून रिटायर झालेले. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळं पोरांनी शिकायचं की नाही यावर त्या घरात कधी चर्चाच झाली नाही. फक्त काय शिकायचं यावर व्हायची. थोरला भाऊ शिक्षक झाला, धाकटा बँकेत लागला, आणि या मधल्या पोरीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. डिप्लोमा करून ती बारामतीत एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसायची. गिऱ्हाईक टीव्ही उचलून आणायचं, हिच्याकडं बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठं गेला?" ही म्हणायची, "मीच हाय. ठेवा हितं." काही जण टीव्ही घेऊन परत फिरायचे. बाई त्यांना अडवत नसत. "जाऊ द्यात की," म्हणायच्या, "शेजारचा मिस्त्री माझ्याकडंच आणून देतो दुरुस्तीला."

तिथून त्या आमच्याकडं आल्या. आमची शाळा बारामती-इंदापूर रस्त्यावरची, ज्युनिअर कॉलेजसकट. चारी बाजूला ऊस. सत्त्याण्णव साली संस्थेनं कॉम्प्युटरची लॅब काढायची ठरवली, दहा मशीन आल्या, आणि फिजिक्सचा माणूस म्हणून लॅबचा इनचार्ज मला केलं. मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नव्हतं. वडगाव निंबाळकरच्या आमच्या घरी तोवर साधा टीव्हीसुद्धा मला लावता यायचा नाही. मग मशीनची देखभाल करायला म्हणून लोंढेबाईंना घेतलं, हंगामी. हंगामी म्हणजे एप्रिलअखेर घरी.

उंची बेताची, चष्मा जाड, सुती साडी, पदर कायम खोचलेला. बोलणं अस्सल आमच्या भागातलं. शिक्षक झाल्यावर आम्ही सगळ्यांनी 'आहे', 'नाही' करायला सुरुवात केली होती, बाईंनी 'हाय' आणि 'न्हाय' कधी सोडलं नाही. एकदा आमच्या मराठीच्या सरांनी त्यांना सुचवून बघितलं. बाई म्हणाल्या, "सर, मशीनला काय फरक पडत न्हाय. तुमाला पडतोय का?" सरांनी विषय बदलला.

त्यांची एक सवय सगळ्या शाळेला ठाऊक होती. मशीन उघडायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, मग खिडकीपाशी जायचं आणि लोखंडी गजाला हात लावायचा. दर वेळी. गावात कुजबुज सुरू झाली की बाई तर बौद्ध, मग रोज त्या खिडकीपाशी नमस्कार कुणाला करतात? मुलींनी तर बघून बघून तेच सुरू केलं. लॅबमध्ये शिरताना प्रत्येक पोरगी गजाला हात लावून तो छातीला लावायला लागली. बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्या जाम चिडल्या. "आगं, कशाच्या पाया पडताय? न्हायलॉनची साडी काढताना चटचट व्हतं का न्हाय? ती वीज आपल्या अंगात आसती. ती गजातून सोडून द्यायची, मग मशीनला हात लावायचा. हितं द्येव न्हाय, हितं अर्थिंग हाय!" पोरींनी छातीला हात लावणं बंद केलं, गजाला लावणं चालू ठेवलं. पुढं तो गज जागोजाग चकचकीत झाला.

आणि दुसरी सवय म्हणजे प्रश्न. काहीही बिघडलं आणि कुणी त्यांच्याकडं धावत गेलं की पहिला प्रश्न एकच, "त्याच्यावर काय लिवलंय ते वाचलं का?" मॉनिटरवर काही उमटलंय, पट्टीवर काही छापलंय, डब्यावर काही लिहिलंय, ते आधी वाचायचं. आम्ही कुणीच वाचायचो नाही. आम्ही आधी दोन धपाटे मारायचो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजूनही स्वतःची लाज वाटते, आणि बाईंचा अभिमान तिच्या दुप्पट वाटतो.

अकरावीला कॉम्प्युटरचा विषय सुरू करायला परवानगी हवी होती. त्यासाठी पुण्याहून समिती येणार होती. तिची अट अशी की दहा मशीन पाहिजेत, चालू पाहिजेत, आणि प्रत्येकीत सोळा एमबी रॅम पाहिजे. हल्लीच्या पोरांना सोळा एमबी म्हटलं की हसू येतं, तेव्हा ते वैभव होतं. आमच्या मशीनमध्ये चार-चारच्या दोन पट्ट्या, म्हणजे आठच. परवानगी मिळाली तर विषय सुरू होणार होता. विषय सुरू झाला तर लॅबसाठी एक कायम पद मंजूर होणार होतं, आणि ते पद बाईंना मिळेल असं सगळेच धरून चालले होते. परवानगी नाही मिळाली तर लॅबला कुलूप आणि बाई परत टीव्हीच्या दुकानात. शिवाय ज्या चाळीस पोरापोरींनी नावं दिली होती त्यातल्या निम्म्या मुली. त्यांना बारामतीला एसटीनं कोण पाठवणार होतं?

समिती सोमवारी येणार होती. बाई आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. दर वर्षी जायच्या. जाण्याआधी मला बजावून गेल्या, "सर, नवीन पट्ट्या आल्या तर तशाच ठेवा. मी शनवारी येतेय." पट्ट्या गुरुवारी आल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी, आबांनी, पुण्याच्या पाहुण्यांकडून मागवल्या होत्या. दहा मशीन म्हणून दहा पट्ट्या, प्रत्येक पट्टी आठ एमबीची.

आबांविषयी सांगायला हवं. पांढरंशुभ्र धोतर, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण घाई भयंकर. त्यांनी बॉक्स माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सर, जुनं आठ हाय, नवं आठ घाला, सोळा झालं. लावून टाका. आन् सगळ्यांना एक-एक. कुणाला जास्त न्हाय, कुणाला कमी न्हाय."

मलाही ते पटलं. पटणारच! आमचा सगळा भाग सहकारावर उभा. दिवाळीची साखर सभासदांना सारखी मिळते, पाण्याची पाळी सारखी मिळते, आणि एखाद्याला चिमूटभर जास्त गेलं तर वर्षभर बैठका चालतात. एका मशीनला दोन पट्ट्या आणि दुसरीला एकही नाही, असा विचार आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. बेरीज बरोबर होती, वाटप बरोबर होतं. मी खडू खाली ठेवला आणि लॅबमध्ये गेलो. गजाला हात लावायचं विसरलो.

मशीनमध्ये पट्ट्यांना चार खाचा होत्या. दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. मी तिसऱ्या खाचेत नवी पट्टी घातली, मशीन चालू केली. आकडा आठचाच. नवी पट्टी तिला दिसतच नव्हती. म्हटलं, खाच खराब असेल, दुसरी मशीन बघू. तिथं तेच. मग मी शक्कल लढवली. एक जुनी काढून तिच्या जागी नवी घातली, चारच्या शेजारी आठ. मशीन नुसती पीऽऽप, पीऽऽप करून ओरडायला लागली, पडदा काळाच. मग घाबरून जुनी परत घालायला गेलो, तर तोवर जुन्यांचा ढीग झालेला, कुठली कुठल्या मशीनची काही कळेना. मी त्यातली एक उचलून इकडं घातली, एक तिकडं. संध्याकाळपर्यंत सात मशीन ठार बंद आणि तीन मशीन चालू होऊन मधेच गोठणाऱ्या. दहाच्या दहा चालू मशीन मी एका दुपारात, मोठ्या निगुतीनं, समान न्यायानं बंद पाडल्या.

शुक्रवारी आबांना निरोप गेला की मशीन बंद पडल्या. कुणामुळं पडल्या ते निरोपात नव्हतं, कारण निरोप मीच पाठवला होता.

शनिवारी सकाळी बाई रात्रभराच्या प्रवासातून थेट शाळेत आल्या. पिशवीही ठेवली नव्हती. आबा आधीच व्हरांड्यात उभे. सगळ्या स्टाफसमोर त्यांनी तोंड सोडलं. "काय केलंसा ओ बाई? कच्चं काम करून रजेवर गेलासा! परवा समिती येणार. असल्या कामाला कुणाचा हात लागू द्यावा हे आमालाच कळलं न्हाय, चूक आमचीच."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मी खरं काय ते सांगितलं नाही. आबांनी ते रागात म्हटलं, त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होतो. पण कुणाचा हात कशाला लागू द्यायचा नाही, हे बोलणं बाईंच्या घरानं किती पिढ्या ऐकलं असेल, हे मला घरी जाताना एसटीत कळलं. त्या वेळी मी मूग गिळून उभा होतो. फिजिक्सचा मास्तर, लॅबचा इनचार्ज!

बाई लॅबमध्ये गेल्या. एक-एक मशीन उघडून बघितली. दहावी बघून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्या रविवार. मला दिवसभर लॅब उघडी पायजे. आन् सर, तुमच्या प्रयोगशाळेतलं भिंग द्या."

रविवारी मीही गेलो. घरी बसवेना. बाईंनी मधल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती. घड्याळ काढून ठेवलं, गजाला हात लावला, आणि दहा मशीनमधल्या सगळ्या पट्ट्या काढून ओळीनं मांडल्या. जुन्या वीस, नव्या दहा, एकूण तीस. मग भिंग घेऊन प्रत्येक पट्टीवरच्या काळ्या चिपांवर छापलेली मुंगीएवढी अक्षरं वाचायला सुरुवात केली. वाचायच्या, वहीत लिहायच्या, पट्टी बाजूला ठेवायच्या. मी विचारलं, "एवढं काय वाचता? चारची ती चारची."

"न्हाय सर. चारची आसली तरी हिच्यावर शेवटी साठ लिवलंय आन् हिच्यावर सत्तर. एकीचा वेग एक, दुसरीचा दुसरा. ह्या आधी आपापल्या मशीनमधी बरोबर जोडीनं व्हत्या. कुणीतरी मोडल्या जोड्या." असं म्हणून त्यांनी एक पट्टी उजेडात धरली. तिच्या पिवळ्या कडेवर पांढरी भुकटी होती. त्यांनी ती बोटावर घेतली, बघितली. मग माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघितलं.

खडू! चौदा वर्षं शिकवून माझ्या बोटांच्या रेघांत तो कायमचा बसला होता.

तेवढ्यात दारात आबा आले. रविवार असून आले, म्हणजे त्यांनाही चैन पडत नव्हतं. "काय बाई, लागला का छडा? कशानं बंद पडल्या?" मी मान खाली घातली. आता बाई सांगणार, आणि सांगायलाच हवं होतं. बाईंनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जोड्या मोडल्यात आबा. म्हणून बंद पडल्यात."

"म्हंजे?"

"ह्या मशीनला पट्ट्या जोडीनंच लागत्यात. दोन खाचांची एक जोडी. त्या दोन्हीत सारखीच पट्टी पायजे. तुमच्या खिल्लारी बैलाशेजारी रेडकू जुपलं तर गाडी चालंल का?"

"गाडी हिरीत जाईल," आबा म्हणाले.

"आन् एकटाच बैल जुपला तर?"

"जागची हलणार न्हाय." आबा आत येऊन स्टुलावर बसले. बैलातलं त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. "मग आता? नवीन तर दहाच हायेत. दहा मशीनला जोड्या करायच्या तर वीस पायजेत. उद्या समिती! बाई, आता कुठनं आणायच्या?"

खरं सांगतो, मलाही हेच वाटत होतं. हिशोब बसतच नव्हता. दहा मशीन आणि पाच जोड्या. मी मनातल्या मनात लॅबला कुलूप लागलेलंच बघितलं.

बाईंनी वही पुढं केली. "आणायच्या न्हाय. नवीन दहा हायेत, त्या पाच मशीनला दोन-दोन घालते. आठ आन् आठ सोळा. त्या पाच मशीनच्या जुन्या पट्ट्या मोकळ्या व्हत्यात. आता जुन्या सगळ्या वीस, आन् मशीन उरल्या पाच. एकेकीला चार-चार घालते. चार चोक सोळा. साठवाल्या बारा हायेत, त्या तीन मशीनला. सत्तरवाल्या आठ, त्या दोन मशीनला. एक पट्टी शिल्लक न्हाय आन् एक कमी न्हाय."

आबांनी बोटं मोजली. मग परत मोजली. "आन् बाई, पाच जणींना सगळं नवं, पाच जणींना सगळं जुनं? ह्ये वाटप बरं दिसतंय का?"

"आबा, सगळ्यांना सोळाच हाय. बघून घ्या."

आबांनी वही जवळ ओढून घेतली. मीही कागदावरचे ते आकडे परत वाचले. गुरुवारी अख्खी दुपार मी त्याच पट्ट्यांशी झटलो होतो, पदवीधर माणूस! आणि या बाईनं काहीही नवीन न आणता, फक्त नीट वाचून, सगळ्यांना सारखं देऊन दाखवलं होतं. आबांना हवं होतं तेच समान वाटप, पण मशीनला चालेल अशा रीतीनं.

मग खोडरबर निघालं. पट्टीची पिवळी कड खोडरबरानं घासून साफ करायची, ही त्यांची पद्धत. तीसच्या तीस पट्ट्या त्यांनी घासल्या. खडू झाडला. तिरकी धरून खाचेत घालायची, मग उभी करायची, दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला की बसली. दुपारी तीनपर्यंत नऊ मशीन चालू झाल्या. दहावी ओरडली. पीऽऽप. आबा स्टुलावरून उठले. बाई म्हणाल्या, "बसा, बसा." दोन्ही पट्ट्या काढल्या, वाचल्या, बरोबर होत्या. भिंगानं खाचेत बघितलं. तिथंही खडू. त्यांनी रंगाचा कोरडा ब्रश घेऊन खाच झाडली, फुंकर मात्र मारली नाही. म्हणाल्या, "फुकताना थुकी उडती." पट्ट्या परत घातल्या, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर आकडा चढायला लागला आणि सोळावर जाऊन थांबला. मशीन चालू झाली.

आबा उठून गेले. मी बाईंना म्हटलं, "बाई, तुम्ही आबांना सांगितलं का नाही?" त्या घड्याळ मनगटावर चढवत म्हणाल्या, "काय सांगायचं? खडू तुमच्या हाताला हाय. तुमी सांगा."

सोमवारी समिती आली. तीन माणसं, चहा-बिस्किटं, हारतुरे. लॅबमध्ये दहाही मशीन एका वेळी चालू केल्या आणि दहा पडद्यांवर आकडे चढत चढत सोळावर थांबले. समितीतले मोठे साहेब जाणकार होते. त्यांनी दोन मशीन उघडायला सांगितल्या. एकीत दोन पट्ट्या, दुसरीत चार. "हे असं का?" त्यांनी विचारलं. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमचे कोकरे सर. फिजिक्सचे हायेत. इनचार्ज. ते सांगतील."

दिवसभर पाठ केलेलं एक वाक्य माझ्याकडं होतं. ते बाहेर पडेना. मग एकदम भडाभडा बोललो. "साहेब, गुरुवारी या दहाही मशीन मी बंद पाडल्या. मला काही कळत नसताना हात घातला. शनिवारी त्याची बोलणी लोंढेबाईंनी खाल्ली आणि मी गप्प बसलो. रविवारी त्यांनी एकटीनं सगळं दुरुस्त केलं. असं का केलं ते त्याच सांगतील." आबांनी पाठीवरचा हात काढून घेतला. बाई पुढं झाल्या आणि त्यांच्या त्या 'हाय' आणि 'न्हाय'च्या मराठीत पाच मिनिटं असं काही बोलल्या की साहेबांनी वही काढून लिहून घेतलं. शेवटी साहेब म्हणाले, "पुण्यातल्या दोन कॉलेजांत हाच घोळ झालाय. त्यांनी मशीन परत पाठवून दिल्या."

समिती गेल्यावर आबा लॅबच्या दारात उभे राहिले. मोठा माणूस, माफी मागायची सवय नव्हती. "बाई, परवा मी जे बोललो ते माघारी घेतो."

बाई म्हणाल्या, "बोललेलं ऱ्हाऊ द्या आबा, त्ये माघारी घेऊन मी काय करू? परवानगी आली की माझी ऑर्डर काढा."

परवानगी आली. एप्रिलमध्ये ऑर्डरही आली. मी पेढे आणले होते. बाईंनी ऑर्डर उभ्यानं वाचली आणि टेबलावर परत ठेवली. "ह्यात प्रयोगशाळा परिचर लिवलंय. परिचर म्हंजे पाणी भरायचं आन् लॅब झाडायची. पद सहायकाचं मंजूर झालंय. मी सही करणार न्हाय."

ते टंकलेखनात चुकलं होतं की कुणी मुद्दाम केलं होतं, मला आजही माहीत नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांना विनवलं. महिनाअखेर हंगामी नेमणूक संपत होती, दुसरं कुणाचं तरी नाव पुढं येतंय अशी कुजबुज होती. मी म्हटलं, "बाई, आत्ता सही करा, पुढं बघू." त्या म्हणाल्या, "सर, पुढं बघू म्हणूनच तुमी त्या दहा पट्ट्या लावल्या व्हत्या." मी गप्प बसलो. पण या वेळी तिथंच गप्प बसून राहिलो नाही. तोच कागद घेऊन आबांच्या वाड्यावर गेलो आणि सांगितलं की बाईंचं बरोबर आहे. आबा माझ्यावर असे ओरडले की रस्त्यावर लोक थांबले. म्हणाले, "एवढा तोरा आसंल तर बसा म्हणावं घरी!" बाई खरंच घरी बसल्या. म्हणजे बारामतीत, टीव्हीच्या दुकानात. मे महिना असाच गेला. शाळा उघडली तेव्हा मुलांच्या प्रवेशाचं काम होतं आणि मशीन चालू करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांनी बाईंना आठ दिवस नुसतं मदतीला बोलावलं. त्या आल्या. पोरींसाठी येते, म्हणाल्या. ऑर्डरचा विषय कुणी काढला नाही.

त्याच आठवड्यात माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी चार्ज दिला, सह्या केल्या आणि एसटीला वेळ होता म्हणून लॅबकडं गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर आबा बसले होते. एकटे. आबा कधी कुठं वाट बघत बसलेले मी पाहिले नव्हते, लोकांनी त्यांची वाट बघायची, अशी पद्धत होती. मी म्हटलं, "आबा, तुम्ही बाहेर?"

"हळू बोला," आबा म्हणाले. "तास चाललाय. बाई म्हणाल्या, धा मिन्टं बसा." त्यांच्या हातात पाकीट होतं. "दुरुस्ती करून आणलीय. सहायक. सोता समोर बसून टाईप करून घेतली."

धा मिनिटांची पंधरा झाली. तास संपवून बाई बाहेर आल्या. आबा उठून उभे राहिले. बाईंनी पाकीट फोडलं, कागद वाचला. त्या वाचत होत्या तेवढा वेळ आबा पेपर तपासायला दिलेल्या पोरासारखे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "बरोबर हाय," बाई म्हणाल्या. आबांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं. बाईंनी खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली, पूर्ण नावाची, आईवडिलांनी ठेवलेल्या एकाही अक्षराची काटछाट न करता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. आतून एक पोरगी ओरडली, "मॅडम, चार नंबर बंद पडली!" बाईंनी पेन परत दिलं, "आले," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आबा दारातून आत डोकावून बघत राहिले. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "कोकरे सर, आमच्या नातीचं नाव ऱ्हायलंय घालायचं. अकरावीला. घेतील का ओ बाई? तुमी जरा शब्द टाका की."

"माझी बदली झालीय आबा," मी म्हटलं. "तुम्हीच विचारा त्यांना."

आबांनी एकदा आत बघितलं. बाई चार नंबरच्या मशीनवर वाकल्या होत्या. आबा परत बाकावर जाऊन बसले.